मोटरला ताप चढतो तेव्हा

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी तीनच्या सुमारास आमच्या अपघात विभागात दोघांनी एका चाळिशीतल्या माणसाला उचलून आणले. अंग तव्यासारखे तापलेले, कातडी कोरडी ठाक, तोंडाने असंबद्ध बडबड. ताप 106 अंश फॅरनहाइटच्या वर. निदानाला वेळ लागला नाही. उष्माघात होता. कपडे उतरवून अंगावर पाणी, दोन्ही बाजूंनी पंखे, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या, शिरेतून सलाइन, अशी धावपळ झाली. तासाभराने ताप उतरणीला लागला. पुढचे तीन दिवस आम्ही त्याच्या लघवीकडे डोळे लावून बसलो होतो, कारण अशा वेळी मूत्रपिंडे दगा देतात. चौथ्या दिवशी तो उठून बसला, तेव्हा कळले की तो आमच्याच बजाजनगरचा, मोहटादेवी चौकाच्या पलीकडे राहणारा. विजेवर चालणाऱ्या तीनचाकीतून पाण्याचे जार पोचवायचा.

आदल्या दिवसापासून त्याला जुलाब होत होते. वाटेत थांबावे लागू नये म्हणून तो मुद्दाम पाणी कमी पीत होता. जार भरून शहराकडे निघाला आणि गोलवाडीच्या उड्डाणपुलाचा चढ चढताना गाडी अचानक मंदावली. समोर तापमानाचे चिन्ह लागले. कितीही पिळली तरी गाडी पळेना. त्याने खाली उतरून शिव्या घालत ती कडेला ढकलली, भर उन्हात पंधरा-वीस मिनिटे उभा राहिला. गाडी थंड झाली आणि पुन्हा नीट चालू लागली. पुढच्या फेरीत गाडी ठीक होती, पण तोच कोसळला.

घरी जाताना त्याने मला विचारले की आपल्याला ताप चढतोय हे गाडीला कळते, ती आपोआप दमाने घेते, मग मला कसे कळले नाही? मी तेव्हा त्याला पाणी पिण्याविषयी चार गोष्टी सांगून वाटेला लावले. पण प्रश्न डोक्यात राहिला. त्याचे उत्तर शोधताना मी एका माणसाच्या चरित्रापाशी पोचलो. त्या गाडीच्या मोटरचे मूळ त्या माणसाच्या डोक्यात होते, आणि स्वतःला चढलेला ताप न ओळखण्यात तोही आमच्या जारवाल्यासारखाच होता. त्याचे नाव निकोला टेस्ला. आज हे नाव घेतले की लोकांना महागडी अमेरिकी गाडी आठवते. पण ती कंपनी 2003 मध्ये निघाली. ज्याचे नाव तिने घेतले तो माणूस त्याच्या साठ वर्षे आधीच गेला होता.

कॉलऱ्यातून उठलेला मुलगा

टेस्लाचा जन्म 10 जुलै 1856 रोजी स्मिल्यान नावाच्या खेड्यात झाला. तेव्हा तो भाग ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, आज क्रोएशियात आहे. घर सर्बियन. वडील मिलुतिन हे ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू. आई जुका हिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण घरात लागणारी लहानमोठी अवजारे ती स्वतः बनवायची आणि लांबच लांब काव्ये तिला तोंडपाठ होती. आपली कल्पकता आईकडून आली, असे टेस्ला पुढे नेहमी सांगत असे. मोठा भाऊ डाने फार हुशार होता. तो घोड्याच्या अपघातात गेला, तेव्हा निकोला अगदी लहान होता. घरातले ते दुःख आणि गेलेल्या भावाशी होणारी तुलना त्याच्या मनावर कायमची राहिली.

वडिलांची इच्छा मुलाने धर्मगुरू व्हावे अशी. मुलाला ओढ यंत्रांची. शाळा संपवून 1873 मध्ये तो गावी परतला आणि त्याला कॉलरा झाला. जवळजवळ नऊ महिने तो अंथरुणाला खिळून होता. वाचेल याची खात्री कुणालाच नव्हती. आपण वाचक ओआरएसच्या पुडीला सरावलो आहोत, म्हणून त्या काळाची कल्पना येत नाही. रॉबर्ट कॉखने कॉलऱ्याचा जंतू इजिप्तमध्ये आणि मग कलकत्त्यात शोधला तो त्यानंतर दहा वर्षांनी, 1883-84 मध्ये. साखर-मिठाच्या पाण्याने हजारो जीव वाचवता येतात, हे डॉ. दिलीप महालनबिस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत दाखवले ते 1971 मध्ये. टेस्लाच्या काळी रोगी वाचला तर नशिबाने.

एका कठीण दिवशी वडील खोलीत आले, तेव्हा मुलाने त्यांना सांगितले की मला इंजिनिअरिंग शिकू दिलेत तर कदाचित मी बरा होईन. वडिलांनी जगातल्या सर्वोत्तम तंत्रविद्यालयात पाठवण्याचा शब्द दिला. मुलगा बरा झाला. टेस्ला याचे श्रेय त्या शब्दाला देई. मी डॉक्टर म्हणून एवढेच म्हणेन की जगण्याचे कारण मिळालेला रोगी औषधपाण्याला अधिक साथ देतो, हे आम्ही वॉर्डात रोज पाहतो.

ठिणग्यांचा प्रश्न

1875 मध्ये टेस्ला ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला. तिथे वर्गात ग्राम डायनॅमो नावाचे नवे यंत्र आले. ते डायनॅमो म्हणून वीज बनवी आणि उलट वीज दिली तर मोटर म्हणून फिरे. मात्र फिरताना त्यातून ठिणग्या उडत.

हा प्रकार आपल्या घरातही दिसतो. मिक्सर जुना झाला की तळाच्या फटीतून निळसर ठिणग्या दिसतात आणि दुकानदार कार्बन ब्रश बदलायला सांगतो. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवायची आणि प्रत्येक अर्ध्या फेरीला तिची दिशा उलटवायची, म्हणून ब्रश घासत राहतात. त्यात ठिणग्या, झीज आणि फुकटची उष्णता आली. टेस्लाने वर्गात विचारले की हे ब्रश काढूनच टाकता येणार नाहीत का? प्राध्यापकांनी पुढच्या तासाला सगळ्या वर्गासमोर ते कसे अशक्य आहे हे समजावून सांगितले. विद्यार्थी गप्प बसला, पण त्याने प्रश्न सोडला नाही.

याच काळात तो पहाटे तीनला उठून रात्री अकरापर्यंत अभ्यास करी. रविवार नाही, सुट्टी नाही. वडील वारल्यावर त्यांच्या कागदांत त्याला ग्राझच्या शिक्षकांची पत्रे सापडली. मुलाला परत न्या, नाहीतर तो अतिश्रमाने मरेल, असा त्यांचा आशय होता. इशारा देणारी यंत्रणा होती, तिने वेळेवर इशाराही दिला होता. तो ज्याच्यासाठी होता त्याच्यापर्यंत पोचला नाही. पुढे तो जुगाराला लागला, पैसे घालवले, पदवी न घेताच ग्राझ सुटले. जुगार त्याने नंतर निग्रहाने सोडला, पण झोपेवाचून राबण्याची सवय मात्र शेवटपर्यंत सुटली नाही.

बुडापेस्टचे आजारपण

1881 मध्ये तो बुडापेस्टच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला लागला आणि तिथे त्याचे शरीर-मन दोन्ही कोसळले. त्याने पुढे लिहून ठेवलेली लक्षणे वाचताना कोणताही डॉक्टर थबकतो. तीन खोल्या पलीकडच्या घड्याळाची टिकटिक कानात घण घातल्यासारखी वाटे. दूरच्या रेल्वेच्या शिट्टीने खुर्ची हादरल्यासारखी होई. पलंगाच्या पायांखाली रबराच्या गाद्या घालाव्या लागल्या. नाडी कधी अगदी मंद, तर कधी मोजता येऊ नये इतकी वेगवान. नामांकित डॉक्टरांनी हात टेकले. दीडशे वर्षांनी कागद वाचून निदान करणे हा आगाऊपणा ठरेल. पण अतिश्रम, अपुरी झोप आणि एकाच विचाराचा ध्यास यांनी मज्जासंस्था किती ताणली जाते, हे त्यातून स्पष्ट दिसते.

त्याला सावरले ते अंतोन सिगेती नावाच्या मित्राने. तो त्याला व्यायामाला लावी, मोकळ्या हवेत फिरायला नेई. 1882 च्या फेब्रुवारीत असेच दोघे संध्याकाळी शहरातल्या बागेत फिरत होते. सूर्य मावळत होता, टेस्ला ग्योथेच्या काव्यातल्या ओळी म्हणत होता, आणि बोलता बोलता तो थांबला. इतकी वर्षे डोक्यात घोळणाऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला समोर दिसले. त्याने काठीने मातीत आकृती काढून मित्राला दाखवली.

कल्पना सोपी आहे. तीन मुले गोलात उभी करा आणि मध्ये एकाला ठेवा. तिघांनी पाळीपाळीने हाक मारायची. प्रत्येक हाकेला वळून पाहता पाहता मधला गरगर फिरू लागेल, त्याला कुणी हात लावायची गरज नाही. टेस्लाने मुलांच्या जागी तारांची वेटोळी ठेवली आणि त्यांना एकामागोमाग चढणारा-उतरणारा एसी विद्युतप्रवाह दिला. त्यामुळे चुंबकीय क्षेत्रच गोल फिरू लागते. मधल्या लोखंडी-तांब्याच्या रोटरमध्ये त्या फिरत्या क्षेत्राने आपोआप वीज निर्माण होते आणि तो क्षेत्राच्या मागे धावतो. ब्रश नाही, ठिणगी नाही, फिरत्या भागाला तार जोडायची गरजच नाही. झिजण्यासारखी उरते ती फक्त बेअरिंग.

इटलीतल्या गॅलिलिओ फेरारिस यांनाही हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती, आणि आज गिरणीत दिसते तशी तीन फेजची दणकट मोटर घडवण्यात दोलिवो-दोब्रोवोल्स्की या रशियन इंजिनिअरचा मोठा वाटा आहे. शोध क्वचितच एकट्याचा असतो. पण संपूर्ण व्यवस्था, म्हणजे जनित्रापासून तारांपर्यंत आणि तारांपासून मोटरपर्यंत, टेस्लाने एका नजरेत पाहिली होती.

खड्डे खणणारा इंजिनिअर

1883 मध्ये स्ट्रासबर्गला नोकरीच्या कामावर असताना त्याने पहिली छोटी मोटर स्वतः बनवून फिरवून पाहिली. युरोपात कुणी पैसे घालेना. 1884 मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला आणि एडिसनच्या कारखान्यात कामाला लागला. एडिसनची सगळी गुंतवणूक डीसी विजेत होती. सहा महिन्यांत दोघांची फारकत झाली. पुढच्या भागीदारांनी टेस्लाकडून रस्त्यांवरच्या दिव्यांचे काम करून घेतले आणि त्याला बाहेर काढले. 1886-87 च्या हिवाळ्यात हा माणूस दिवसाला दोन डॉलरवर न्यूयॉर्कमध्ये खड्डे खणत होता. आपल्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत डिप्लोमा खिशात घालून कंत्राटावर हमाली करणारी मुले मी पाहतो, तेव्हा मला हा हिवाळा आठवतो.

1887 मध्ये दोन गुंतवणूकदार भेटले, छोटी प्रयोगशाळा मिळाली. 1 मे 1888 रोजी मोटरची पेटंटे मिळाली आणि 16 मे रोजी त्याने अमेरिकी विद्युत अभियंत्यांपुढे व्याख्यान दिले. वेस्टिंगहाऊस यांनी लगेच हक्क घेतले. टेस्ला पिट्सबर्गला कारखान्यात गेला, तर तिथे नवीच अडचण. कारखान्याची वीज सेकंदाला 133 आवर्तनांची होती आणि टेस्लाची मोटर कमी आवर्तनांवर नीट चाले. बरीच खडाखडी होऊन शेवटी अमेरिकेत 60 आवर्तने रूढ झाली. आपल्याकडे 50 आहेत.

ही अडचण नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण आपल्या जारवाल्याच्या गाडीचे मर्म तिच्यातच आहे. टेस्लाच्या मोटरचा वेग विजेच्या आवर्तनांशी बांधलेला असतो. पिठाच्या गिरणीला, विहिरीवरच्या पंपाला ते चालते, कारण तिथे एकच वेग लागतो. 1915 पासून खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, तिथेही एकच वेग पुरे होता. पण गाडीला थांबायचे असते, निघायचे असते, चढ चढायचा असतो. आवर्तने हवी तशी बदलायची स्वस्त सोय टेस्लाच्या हयातीत झाली नाही. म्हणून गाड्यांत ब्रशवाली डीसी मोटरच राहिली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावलेली विजेची पहिली गाडी डीसीवरच होती. अशा गाड्यांचा वेग आवरायला मोठाले रोध वापरत, म्हणजे नको असलेली वीज चक्क उष्णता करून उधळून देत.

मोटर का तापते

आता थोडे शरीरशास्त्र, मोटरचे. तारेतून प्रवाह गेला की तार तापते, आणि हे तापणे प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. भरलेली गाडी चढावर घातली की जोर जास्त लागतो, जोरासाठी प्रवाह जास्त लागतो, आणि उष्णता सपाट्याने चढते. त्यातच तांबे तापले की त्याचा रोध वाढतो, 100 अंश सेल्सियसने तापले तर सुमारे 40 टक्क्यांनी. म्हणजे तापलेली मोटर आणखी तापते. उष्माघातातले दुष्टचक्र याहून फार वेगळे नाही.

शेतकरी वाचकांना हे वेगळ्या भाषेत ठाऊक आहे. रात्री एक फेज गेली आणि मोटर दोन फेजवर चालत राहिली, की सकाळी जळक्या वार्निशचा वास येतो आणि मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जाते. तिसऱ्या फेजचे ओझे उरलेल्या दोघींवर पडते, प्रवाह वाढतो, उष्णता वर्गाने वाढते आणि तारेवरचे आवरण जळते. या आवरणाविषयी इंजिनिअरांचा एक जुना ठोकताळा आहे. मर्यादेपेक्षा दर 10 अंश सेल्सियस जास्त तापमानाला त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. मोटर एका दिवसात क्वचित मरते, बहुधा ती रोज थोडी थोडी म्हातारी होत जाते. विजेच्या अनेक गाड्यांत आता रोटरवर कायमचे चुंबक असतात. ते जास्त तापले तर त्यांची ताकद कायमची कमी होऊ शकते.

कार्यक्षमतेच्या हिशेबात मात्र मोटर आपल्याला सहज हरवते. चांगली मोटर दिलेल्या ऊर्जेपैकी 90 टक्क्यांच्या आसपास कामात आणते. माणसाचा स्नायू जेमतेम 20 ते 25 टक्के. उरलेली सगळी उष्णता. पुलावर गाडी ढकलणारा माणूस म्हणजे एक पेटलेली शेगडीच असते. ती उष्णता बाहेर टाकायला आपल्याकडे मुख्य साधन घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण त्यासाठी अंगात पाणी हवे. आमच्या माणसाचे पाणी जुलाबात गेले होते.

गाडीचा हायपोथॅलॅमस

टेस्लाला जे साधन मिळाले नाही ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. बॅटरीच्या डीसी विजेचे सहा विद्युत-खटक्यांनी तुकडे करून हव्या त्या आवर्तनांची तीन फेजची वीज बनवायची. हे खटके सेकंदाला हजारो वेळा उघडतात-मिटतात. 1970 च्या सुमारास जर्मनीत हासे आणि ब्लाश्के यांनी हिशेबाची एक नवी रीत काढली. मोटरला दिलेल्या प्रवाहाचे मनातल्या मनात दोन भाग करायचे, एक चुंबकीय क्षेत्र राखणारा आणि दुसरा जोर देणारा. दोन्ही वेगवेगळे सांभाळायचे. लागेल तेवढाच जोर, तोही कमीत कमी प्रवाहात. प्रवाह वाचला की उष्णता वर्गाने वाचते, म्हणून कार्यक्षमता आणि थंडावा ही दोन वेगळी कामे राहत नाहीत. मोठ्या गाड्यांतला आयजीबीटी हा खटका घडवण्यात मूळचे चेन्नईचे बी. जयंत बालिगा यांचे काम अग्रगण्य आहे. हाच खटका थांबलेल्या हृदयाला झटका देणाऱ्या सुटसुटीत डिफिब्रिलेटरमध्येही असतो, म्हणून मला त्यांच्याविषयी विशेष कृतज्ञता वाटते. छोट्या तीनचाकींत त्याचा धाकटा भाऊ मॉसफेट असतो.

मुंबईच्या लोकलमध्येही 2007 पासून तीन फेजच्या मोटरी असलेल्या नव्या गाड्या येऊ लागल्या. त्या ब्रेक लावताना मोटरचेच जनित्र करतात आणि वीज तारेत परत पाठवतात. पूर्वी रोधात जळून जाणारी ऊर्जा आता दुसऱ्या गाडीच्या कामी येते. उतारावर आपली तीनचाकीही हेच करते, बॅटरीत थोडी भर घालते.

मोटरच्या वेटोळ्यात आणि कंट्रोलरच्या पाटीवर तापमान ओळखणारे छोटे घटक बसवलेले असतात. ते दर क्षणाला खबर देतात. मर्यादा जवळ आली की कंट्रोलर प्रवाह कमी करतो. गाडी मंदावते, पण जळत नाही. चालकाने कितीही पिळले तरी कंट्रोलर ऐकत नाही. आपल्या मेंदूतला हायपोथॅलॅमस हेच काम करतो. तहान लावतो, घाम आणतो, थकवा आणतो, सावलीत बसावेसे वाटायला लावतो. फरक एकच आहे, आणि जारवाल्याच्या प्रश्नाचे उत्तरही तेच आहे. त्यालाही कळले होते. तहान लागली होती, डोके ठणकत होते, पाय गळाले होते. पण गाडीच्या कंट्रोलरला मालकाचा हुकूम मोडता येतो, आपल्या हायपोथॅलॅमसला नाही. फेरी पूर्ण करायची, हप्ता भरायचा, या हुकमापुढे तो हरतो.

हुकूम न मोडणारा माणूस

टेस्लाचे उरलेले आयुष्य याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 1893 मध्ये शिकागोचे जागतिक प्रदर्शन एसी विजेने उजळले. 1896 च्या नोव्हेंबरात नायगाराच्या धबधब्याची वीज बफेलो शहरात पोचली. त्याच वर्षी स्वामी विवेकानंद त्याला भेटले. जड आणि ऊर्जा यांच्या नात्यावर दोघे बोलले. पण त्याआधी मार्च 1895 मध्ये त्याची प्रयोगशाळा आगीत भस्म झाली होती. कागद, यंत्रे, सगळे गेले. तो खचला, आणि पुन्हा तसाच कामाला जुंपला.

वैद्यकशास्त्राचेही त्याच्याकडे थोडे देणे आहे. अतिउच्च आवर्तनांची वीज शरीरातून गेली तर झटका बसत नाही, पण ऊती आतून गरम होतात, हे त्याने पाहिले आणि 1898 मध्ये बफेलोला विद्युत-उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढे त्यावर निबंध सादर केला. फ्रान्समध्ये दारसोनव्हाल हेही त्याच वाटेवर होते. फिजिओथेरपीतला डायथर्मीचा शेक आणि ऑपरेशनमध्ये रक्तस्राव थांबवणारी कॉटरी ही त्याच घराण्यातली. क्ष-किरणांवरही त्याने अगदी सुरुवातीला प्रयोग केले आणि त्यांनी कातडी भाजते याची सूचना दिली. दोष मात्र किरणांना न देता त्यांच्यामुळे तयार होणाऱ्या ओझोनला दिला. तिथे तो चुकला. 1898 मध्येच त्याने न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांना एक छोटी होडी दुरून, तारेवाचून चालवून दाखवली.

1899 मध्ये कोलोरॅडोत कृत्रिम विजा पाडल्या, मग लाँग आयलंडवर बिनतारी विजेचा प्रचंड मनोरा उभारायला घेतला. बँकर मॉर्गन यांनी पैसा थांबवला, मनोरा अर्धवट राहिला आणि 1917 मध्ये पाडला गेला. मोटरच्या पेटंटांचे पैसे केव्हाच संपले होते. तो हॉटेलांत राही, बिले थकली की हॉटेल बदली. जंतूंची धास्ती वाढत गेली. जेवताना चमचे-ताटे पुसायला अठरा रुमाल लागत. तीनने भाग जाणारे आकडेच हवेत, मोत्यांचे दागिने डोळ्यांसमोर नकोत. आजचा मानसोपचारतज्ज्ञ या सवयींना नाव देईल आणि बहुधा मदतही करू शकेल. आपल्याला दोन तासांची झोप पुरते, असे तो अभिमानाने सांगे. असा अभिमान मी अनेक रुग्णांत आणि त्याहून जास्त माझ्या सहकारी डॉक्टरांत पाहिला आहे. तरुणपणी माझ्यातही होता.

1937 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, कबुतरांना दाणे घालायला निघालेल्या टेस्लाला टॅक्सीची धडक बसली. पाठ मुरगळली, तीन बरगड्या मोडल्या. त्याने डॉक्टरला बोलवू दिले नाही. आयुष्यभर तो डॉक्टरांना टाळत आला होता. त्यातून तो पुरता सावरला नाही. 7 जानेवारी 1943 रोजी हॉटेल न्यूयॉर्करच्या 3327 क्रमांकाच्या खोलीत तो एकटाच गेला. दाराला त्रास देऊ नका अशी पाटी लावलेली होती. दुसऱ्या दिवशी खोली आवरणाऱ्या बाईने ती पाटी बाजूला सारून दार उघडले, तेव्हा कळले. कारण हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी. 1960 मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या एककाला टेस्ला हे नाव मिळाले. आज एमआरआयला आलेला रुग्ण फिल्मवर दीड टेस्ला, तीन टेस्ला असे वाचतो, तो याच माणसाच्या नावाने.

मंदावणे म्हणजे हरणे नव्हे

टेस्लाने स्वतःला मंद केले असते तर त्याचे काम कमी झाले असते का, हे कुणी सांगू शकत नाही. एवढे मात्र खरे की बुडापेस्टमध्ये त्याला उत्तर सापडले ते टेबलाशी डोके घासताना नव्हे, तर मित्राने बळेच फिरायला नेल्यावर.

बजाजनगर हे कारखान्यांभोवती वाढलेले गाव. 1985 मध्ये वाळूजचा स्कूटरचा कारखाना सुरू झाला आणि इथल्या माळरानावर वस्ती उभी राहिली. इथला माणूस पाळी चुकवत नाही. मराठवाड्याचा उन्हाळाही आपली पाळी चुकवत नाही. म्हणून थोडे सांगतो. उन्हात काम असेल तर तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा. जुलाब, उलटी किंवा ताप असलेल्या दिवशी उन्हातले काम टाळा. लघवी गडद पिवळी झाली, डोके ठणकू लागले, पायात गोळे आले तर तो तुमच्या गाडीवरचा तापमानाचा दिवा समजा. सावलीत बसा, मीठ-साखरेचे पाणी घ्या. कुणी उन्हात बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर आधी त्याला सावलीत घेऊन पाण्याने भिजवा, वारा घाला आणि लगेच 108 ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. पॅरासिटामॉल देऊन वाट पाहत बसू नका. उष्माघाताच्या तापावर ती गोळी चालत नाही, कारण इथे मेंदूने ताप वाढवलेला नसतो, शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची सोयच बंद पडलेली असते.

आमचा जारवाला अजून तीच गाडी चालवतो. परवा रांजणगावच्या रस्त्याला लिंबाच्या झाडाखाली गाडी लावून तो ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेला दिसला. मी थांबून विचारले, गाडी गरम झाली का? त्याने मान हलवली आणि स्वतःच्या छातीकडे बोट दाखवले.